पाखरांच्या कानातील दिंडी दरवाजे

(नभोवाणीवरील भाषण)



इंदूरच्या राजवाड्यासमोरील चौकात ज्यांनी लग्नसराईतील एखादी संध्याकाळ घालविली असेल, त्यांना कोलाहल या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही. एका बाजूने सराफ्याकडे वळणारी गर्दी, दुसऱ्या बाजूने खजुरी बाजारातून येणारी वाहने, त्यांचे कर्कश भोंगे, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, आणि त्यात एखादी वरात आलीच तर बँड आणि फटाक्यांची माळ. या गदारोळात कबुतरांचा थवा खाली दाणे टिपीत असतो. माळ कडाडली की तो एकदम उठतो, वाड्याच्या सात मजली दर्शनी भागावरून एक वळसा घेतो, आणि खालच्या तीन मजल्यांच्या दगडी कंगोऱ्यांवर किंवा वरच्या चार मजल्यांच्या लाकडी सज्ज्यांत जाऊन बसतो. पाच मिनिटांनी पुन्हा सारे खाली. मल्हारराव होळकरांनी १७४७ मध्ये या वाड्याचे काम सुरू केले. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले तेव्हा तो जळाला, १९८४ मध्ये त्याला पुन्हा आग लागली, आणि दोन्ही वेळा त्याची पुन्हा उभारणी झाली.

या पाखरांचा मला फार दिवस हेवा वाटत आला आहे. त्याचे कारण त्यांचे पंख नव्हेत, त्यांचे कान आहेत. आणि या हेव्याला घरातीलच एक प्रसंग कारण झाला.

माझे एक चुलते, आम्ही त्यांना अप्पाकाका म्हणत असू, गाण्याचे मोठे षौकी होते. इंदूर हे त्या काळी गाण्याचे गाव. होळकरांच्या पदरी सारंगी वाजविणारे शाहमीर खाँ आणि त्यांचे पुत्र उस्ताद अमीर खाँ यांची नावे काकांच्या तोंडी रोजची होती. अमीर खाँसाहेबांचे पहिले शिक्षण वडिलांजवळ सारंगीवरच झाले, ही गोष्ट तर ते स्वतः हजर असल्यासारखी सांगत. १९५३ च्या सुमारास काकांना क्षय जडला. तोवर स्ट्रेप्टोमायसिनचा लाभ आपल्याकडेही होऊ लागला होता. अमेरिकेत १९४३ मध्ये ते सापडले आणि क्षयावरचे पहिले खरे औषध ठरले. काकांना त्याच घराण्यातील डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने कित्येक आठवडे टोचण्यात आली. क्षय हटला, माणूस वाचला. पण घरी आल्यावर दोनतीन महिन्यांनी ते म्हणू लागले, ‘सारंगी ऐकू येते रे, पण तरफा ऐकू येत नाहीत.’ सारंगीत गजाने वाजविण्याच्या तीन मुख्य तारांखाली तीसपस्तीस बारीक तारा असतात. त्यांना कोणी हात लावीत नाही. आपापला सूर लागला की त्या आपोआप झंकारतात, आणि सारंगीचा तो धूसर, घुमणारा स्वर त्यांच्यामुळे होतो. काकांच्या कानातून तो बारीक झंकार प्रथम गेला, मग बायकामुलांचे बोलणे गेले, आणि वर्षभरात फक्त ढोल, दार आपटणे, असले काही उरले.

औषधाने जीव वाचविला आणि कान नेला. हे त्याने नेमके कसे केले याचे उत्तर काकांच्या हयातीत कोणाजवळ नव्हते. आता ते मिळाले आहे, आणि ते समजण्यासाठी आपल्याला आंतरकर्णातील एका पेशीच्या दारापर्यंत जावे लागेल. ही पेशी माणसाच्या कानातही आहे आणि कबुतराच्याही. परंतु तिचे काही गुपित पाखरांनीच शास्त्रज्ञांना सांगितले.

बाहेरचा आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो आणि आतील हाडामार्फत एका द्रवाने भरलेल्या नळीत पोहोचतो, एवढे आपण शाळेत शिकलेले असतो. माणसाची ही नळी शंखाप्रमाणे अडीच वेढ्यांची असते आणि उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरते. पक्ष्याची नळी मात्र गुंडाळलेली नसते. किंचित वाकलेल्या केळीसारखी ती असते, आणि कोंबडीच्या पिल्लात तिच्यातील ऐकण्याची पट्टी अवघी तीनचार मिलिमीटर लांब भरते. कोठारी घुबडाचे निराळे. रात्री नुसत्या कानाच्या भरवशावर उंदीर पकडणाऱ्या या पाखराची पट्टी ११ मिलिमीटरपर्यंत जाते. पिल्लाच्या त्या इवल्या पट्टीवर सुमारे दहा हजार केशपेशी ओळीने, एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. माणसाच्या एका कानात अशा पेशी पंधरा हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे लांबीच्या मानाने पाखराने दाटी फार केली आहे.

केशपेशी हे नाव तिच्या डोक्यावरील सूक्ष्म केसांच्या झुबक्यावरून पडले. हे केस म्हणजे आपल्या डोक्यावरचे केस नव्हेत. पेशीच्याच पृष्ठावर उभारलेले ते ताठ खांब असतात आणि पायऱ्यांप्रमाणे चढत्या उंचीने रचलेले असतात. येथे सारंगीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १९८३ मध्ये टिल्नी आणि साँडर्स या दोघा अमेरिकन संशोधकांनी कोंबडीच्या पिल्लाच्या कानातील हे खांब चिकाटीने मोजले. पट्टीच्या एका टोकाला, जेथे उंच सूर ऐकू येतात, तेथे एका पेशीवर सुमारे तीनशे खांब, आणि त्यांतील सर्वांत उंच खांबही दीड मायक्रॉनचाच, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपट. दुसऱ्या टोकाला, खर्जाच्या बाजूस, खांब जेमतेम पन्नास, पण उंची साडेपाच मायक्रॉन. खर्जाला लांब आणि तारसप्तकाला आखूड, हा वाद्यांचा साधा नियम पिल्लाच्या कानातही पाळलेला आहे.

आता दाराकडे वळू. मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्याचे विद्युद्भार असलेले कण सुटे होतात. अशा कणांना आयन म्हणतात. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम अशा आयनांत बुडालेली आहे. पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असल्याने हे कण त्यातून आपण होऊन जाऊ शकत नाहीत. त्यासाठी आवरणात प्रथिनांचे बारीक दरवाजे बसविलेले असतात. जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाज्यात एक छोटी दिंडी असे; थोरला दरवाजा बंदच, दिंडीतून एकेकाने वाकून आत यायचे, आणि देवडीवरच्या पहारेकऱ्याने कोण आहे ते पाहायचे. आयनांचे दरवाजे अशाच दिंड्या आहेत. कोणता आयन येऊ द्यायचा हे प्रत्येक दिंडीचे ठरलेले असते, आणि ती केव्हा उघडायची तेही. काही दिंड्या विजेच्या दाबाने उघडतात, काही कॅल्शियम येऊन चिकटल्यावर, आणि केशपेशीच्या माथ्यावरील दिंडी उघडते ती चक्क ओढल्याने.

ही ओढणारी दोरी १९८४ मध्ये पिकल्स, कॉमिस आणि ऑस्बोर्न यांना सूक्ष्मदर्शकात दिसली. बुटक्या खांबाच्या शेंड्यापासून शेजारच्या उंच खांबाच्या कुशीपर्यंत एक अतिसूक्ष्म धागा ताणलेला असतो. ध्वनीच्या लाटेने झुबका उंच खांबांच्या बाजूला झुकला की धागा ताणला जातो आणि बुटक्या खांबाच्या शेंड्यावरील दिंडी उघडते. उलट बाजूला झुकला की धागा सैल पडून दिंडी मिटते. हा झुकाव किती म्हणाल, तर अगदी हळू आवाजाला मीटरच्या अब्जाव्या भागाच्या आसपास. आणि दिंडी उघडण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या काही पटींइतकाच. डोळ्यात प्रकाश पडल्यावर रासायनिक घडामोडींची केवढी मालिका घडावी लागते! कानात मधला मध्यस्थच नाही. आवाज स्वतःच्या हाताने दार उघडतो.

ही दिंडी ज्या प्रथिनाची, त्याचा शोध मात्र फार रेंगाळला. २००२ मध्ये टी. एम. सी. १ या नावाचे जनुक सापडले ते जन्मजात बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून, आणि त्यांत भारतातील व पाकिस्तानातील कुटुंबे होती. पण हेच प्रथिन दिंडी आहे, की दिंडीच्या शेजारचा नुसता खांब, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. २०२० मध्ये एका समुद्री कासवाचे आणि एका पोपटाचे प्रथिन शुद्ध करून कृत्रिम आवरणात बसविण्यात आले, आवरणावर दाब दिला, आणि त्यातून आयन वाहू लागले. हा पोपट म्हणजे आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून पिंजऱ्यात विकला जाणारा छोटा ऑस्ट्रेलियन पोपट. माणसाच्या बहिरेपणाच्या कोड्याला अशी एका पाखराची साक्ष मिळाली.

दिंडी उघडल्यावर आत येतो तो मुख्यत्वे पोटॅशियम, आणि त्याच्याबरोबर थोडे कॅल्शियम. केशपेशीच्या डोक्यावरचा द्रव पोटॅशियमने भरलेला असतो आणि पायाशी असलेल्या द्रवात तो फार थोडा असतो. म्हणजे पोटॅशियम वरच्या दाराने आत येतो आणि खालच्या दाराने बाहेर जातो. त्याला आत ओढण्यासाठी किंवा बाहेर लोटण्यासाठी पेशीला स्वतः फारसे कष्ट पडत नाहीत. पाणी वर चढविण्याचे काम शेजारच्या पेशी करीत असतात. केशपेशी ऐकण्यास मोकळी राहते.

आता पाखरांचे खास वैशिष्ट्य. माणसाच्या नळीत कोणता सूर कोठे उमटायचा हे मुख्यतः खालच्या पडद्यावरून धावणाऱ्या लाटेवर ठरते. त्या लाटेच्या शोधाबद्दल बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिवाय सस्तन प्राण्यांच्या बाहेरच्या ओळीतील केशपेशी आवाजाबरोबर आखूड-लांब होऊन ती लाट आणखी टोकदार करतात. पण कासवे, बेडूक आणि पक्षी यांनी आणखी एक युक्ती योजिली आहे. त्यांची केशपेशी स्वतःच एका ठराविक सुराला लावलेली असते, आणि तिला लावणारी खुंटी म्हणजे तिच्या पायाशी असलेल्या दिंड्या.

१९८१ मध्ये केंब्रिजच्या क्रॉफर्ड आणि फेटिप्लेस यांनी कासवाच्या एकेका केशपेशीत अतिबारीक काचेची नळी खुपसून तिच्यातील विजेचा दाब मोजला. पेशीला एक धक्का दिला तर दाब एकदाच उडून खाली बसावा, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात तो घंटेप्रमाणे हेलकावे घेत शांत झाला, आणि प्रत्येक पेशीच्या हेलकाव्यांची गती निराळी. १९८८ मध्ये पॉल फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिल्लाच्या सुट्या केशपेशींतही हाच प्रकार दाखविला.

हे हेलकावे कसे होतात ते झोपाळ्यावरून चांगले समजते. वरची दिंडी उघडून पोटॅशियम आत आला की पेशीतील विजेचा दाब वाढतो. तो वाढताच पायाशी असलेल्या कॅल्शियमच्या दिंड्या उघडतात आणि कॅल्शियम आत शिरून दाब आणखी वाढवितो. पण हेच कॅल्शियम शेजारच्या दुसऱ्या प्रकारच्या, मोठ्या दिंड्यांना जाऊन चिकटते आणि त्या उघडतात. या पोटॅशियमला बाहेर सोडणाऱ्या. पोटॅशियम भराभर बाहेर गेला की दाब कोसळतो, कॅल्शियमच्या दिंड्या मिटतात, कॅल्शियम ओसरते, मोठ्या दिंड्याही मिटतात, आणि दाब पुन्हा वर येऊ लागतो. प्रत्येक पायरीला किंचित उशीर लागतो, आणि या उशिरामुळेच झोपाळा मध्यावर न थांबता पलीकडे जातो. बाहेरचा आवाज त्याच ठेक्यात झोके देत राहिला तर पेशी पुरती डोलू लागते. ठेका चुकला तर झोका अंगाशी येऊन थांबतो. सारंगीच्या तरफेचेही हेच. सूर तिचा असेल तरच ती बोलते.

मग एका पेशीचा ठेका जलद आणि दुसरीचा संथ का? काही अंशी हा दिंड्यांच्या संख्येचा प्रश्न आहे. पट्टीच्या उंच सुराच्या टोकाकडे जावे तशा दोन्ही प्रकारच्या दिंड्या वाढत जातात. पण नुसत्या संख्येने भागत नाही. दिंडीच्या बिजागऱ्याही सैल किंवा घट्ट असाव्या लागतात. हे कोडे सोडविण्यास मदत झाली ती माश्यांची. पिकल्या केळ्यावर बसणारी जी बारीक माशी, तिच्या चालण्या-उडण्यात बिघाड असलेल्या जाती निवडून त्यांतून मज्जासंस्थेची जनुके शोधण्याची एक परंपरा आहे. तिचा एक धागा आपल्या मुंबईशी जुळतो, हे सांगितले पाहिजे. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचे काम सुरू केले. ऊब वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या मज्जातंतूंत बिघाड नेमका कशात आहे, यावर त्यांनी आणि सिमूर बेंझर यांनी १९७६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. अशाच रेंगाळणाऱ्या माश्यांच्या एका जातीला विनोदाने ‘स्लोपोक’, म्हणजे मंदगती, असे नाव पडले होते. १९९१ मध्ये अमेरिकेत तिचे जनुक हाती लागले, आणि ते त्या मोठ्या पोटॅशियम-दिंडीचेच जनुक निघाले.

१९९७ मध्ये दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी, एकीत नवरत्नम आणि ओबरहोल्ट्झर, दुसरीत रोझनब्लाट आणि हडस्पेथ, कोंबडीच्या कानात हेच जनुक तपासले. जनुक एकच, पण त्याचा मजकूर पेशी निरनिराळ्या तऱ्हेने कापून जोडते. एकाच थानातून कोणी अंगरखा बेतावा, कोणी बंडी बेतावी, तसे एका जनुकातून अनेक तऱ्हांच्या दिंड्या तयार होतात, आणि पट्टीच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या तऱ्हा आढळतात. बातमी इतकी आकर्षक होती की कान सुरात कसा लागतो याचे संपूर्ण उत्तर मिळाले, असे काही दिवस वाटले. तसे ते नव्हते. प्रयोगशाळेत या तऱ्हा एकेक करून तपासल्या तेव्हा त्यांच्या वेगातील फरक पाखराच्या सुरांच्या विस्ताराला पुरेना. १९९९ मध्ये रामनाथन, फुक्स आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले की मुख्य प्रथिनाला एक मदतनीस प्रथिन जोडले जाते, आणि ते जोडले गेले की दिंडी मिटण्यास वेळ घेते. हे मदतनीस खर्जाच्या टोकाला अधिक आढळतात. माझ्या मते या कथेतील खरा गंभीर धडा येथे आहे, पण भाषणाच्या वेळेत त्याचा विस्तार करणे शक्य नाही. विजेच्या या झोपाळ्याला वेगाची मर्यादाही आहे. दर सेकंदाला चारपाच हजारांपलीकडील कंपने त्याला झेपत नाहीत, असे दिसते. दहा हजारांपर्यंत ऐकणाऱ्या कोठारी घुबडाला दुसरा काही उपाय योजावाच लागत असणार.

आपल्या कबुतराला असल्या उंच सुरांची गरज नाही. त्याची कर्तबगारी दुसऱ्या टोकाला आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत क्रायथेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की कबुतर सेकंदाला एका कंपनाहूनही संथ लाटा ओळखू शकते. त्यांच्या प्रयोगांत ही मर्यादा वीस सेकंदांत एक कंपन इतकी खाली गेली. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस कंपनांखाली काहीच नसते. दूरची वादळे आणि डोंगरांवरून वाहणारे वारे असल्या लाटा सोडतात. चौकात दाणे टिपणारे पाखरू त्या ऐकत असेल की नाही कोण जाणे, पण ऐकण्याचे साधन त्याच्याजवळ आहे.

घरी परतण्याच्या त्याच्या कसबाशीही कानाचा संबंध जोडला गेला आहे. १८८२ मध्ये व्हिग्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने कल्पना मांडली होती की आंतरकर्णाच्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतील द्रव पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून फिरताना त्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होत असावी. ती शतकभर अडगळीत पडली. २०१९ मध्ये व्हिएन्ना येथे डेव्हिड कीज यांच्या प्रयोगशाळेने कबुतराच्या आंतरकर्णातील कॅल्शियम-दिंडीचा असा एक प्रकार दाखविला, की ज्यात दहा अमिनो आम्लांचा एक तुकडा अधिक जोडलेला असतो. पाण्यातील वीज ओळखणाऱ्या काही माशांच्या अंगातील दिंडीशी त्याचे साम्य आहे. व्हिग्येची कल्पना खरी ठरण्यास लागणारे एक साधन सापडले, एवढेच यावरून म्हणता येईल. वाद मिटलेला नाही.

आता अप्पाकाकांच्या औषधाकडे परत येतो. हे औषध रक्तातून सगळ्या शरीरात जाते. मग ते वेचून केशपेशींचाच घात का करते? २००५ मध्ये इंग्लंडात मार्कोटी, व्हॅन नेटन आणि क्रोस यांनी उंदराच्या केशपेशींवर नेमके डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिनच वापरून याचा छडा लावला. औषधाच्या रेणूवर धन विद्युद्भार असतो. तो झुबक्यावरच्या त्याच दिंडीत शिरतो, जिच्यातून आवाजाबरोबर पोटॅशियम आत येतो. दिंडीत क्षणभर अडकतो आणि मग आतल्या विजेच्या ओढीने आत खेचला जातो. आत गेलेला परत येत नाही. तो साचत राहतो आणि शेवटी पेशी मरते. ज्या दाराने काकांच्या कानात सारंगी शिरत होती, त्याच दाराने हे औषध शिरले. उंच सुरांच्या टोकाच्या पेशी प्रथम बळी पडतात, म्हणून तरफा आधी गेल्या.

माणसाची मेलेली केशपेशी पुन्हा येत नाही. जन्मतः जी पुंजी मिळाली तीच आयुष्यभर पुरवायची, मग ती औषधाने जावो, कारखान्याच्या यंत्राने जावो की दारापुढे वाजणाऱ्या ध्वनिवर्धकाने. पाखरांचे तसे नाही. १९८७ आणि १९८८ मध्ये अमेरिकेतील काही प्रयोगशाळांना जवळजवळ एकाच वेळी हे दिसून आले. कोंबडीची पिल्ले आणि लावे यांना मोठा आवाज ऐकवून, किंवा स्ट्रेप्टोमायसिनच्याच नात्यातील औषध टोचून त्यांच्या केशपेशी मारल्या, तर काही दिवसांतच रिकाम्या जागी नव्या केशपेशी उगवू लागतात. त्यांच्या आधाराला उभ्या असलेल्या साध्या पेशी दुभंगतात किंवा स्वतःच रूप पालटून केशपेशी होतात. त्यांच्या डोक्यावर झुबका फुटतो, मज्जातंतू येऊन जोडले जातात, आणि काही आठवड्यांत पाखरू बऱ्याच अंशी पूर्ववत ऐकू लागते. तोपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत उष्ण रक्ताच्या प्राण्यांत हे अशक्य म्हणून लिहिलेले होते.

लहानसहान दुरुस्ती तर याहूनही झटपट होते. १९९६ मध्ये पिल्लाच्या केशपेशीवरील ते ओढणारे धागे रसायनाने तोडून टाकण्यात आले. दिंड्या निकामी झाल्या, पेशी बहिरी झाली. एका दिवसात धागे पुन्हा विणले गेले आणि दिंड्या पूर्ववत हालू लागल्या. राजवाड्यासमोर फटाक्यांची माळ वाजल्यावर तेथील पाखरांच्या कानात रात्रभर असले काही रफूकाम चालत असेल काय, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

मग माणसाच्याच कानाने हे कसब का गमावले? आपल्याही कानात आधाराच्या पेशी आहेत. नुकत्या जन्मलेल्या उंदरात त्या थोड्याफार पालटूही शकतात, पण वाढत्या वयात ती वाट बंद होते. ती पुन्हा कशी उघडावी यासाठी पाखराच्या कानातील एकेक जनुक तपासले जात आहे. शिवाय नवी पेशी नुसती उगवून भागणार नाही. तिला जागेप्रमाणे योग्य उंचीचा झुबका आणि योग्य दिंड्या मिळाल्या पाहिजेत, नाही तर ती बेसूर व्हायची. माणसावर हा उपाय आजवर साधलेला नाही, आणि बहिरेपण घालविण्याची खात्री देऊन विकल्या जाणाऱ्या तेलांच्या व गोळ्यांच्या जाहिरातींवर ज्यांचा विश्वास बसतो, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. औषधांच्या बाबतीत मात्र पाऊल पुढे पडले आहे. साध्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर कित्येक वर्षे कॅनामायसिनची इंजेक्शने देत असत. तेही स्ट्रेप्टोमायसिनच्याच कुळातील, आणि त्यानेही अनेकांचे कान गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ते वापरू नये असे सुचविले, आणि तोंडाने घेण्याच्या औषधांवर भर दिला. या कुळातील औषध देणे भागच पडले, तर उपचार चालू असताना मधूनमधून रोग्याची श्रवणपरीक्षा करता येते. बारीक सूर प्रथम जातात. ते जाऊ लागलेले वेळीच कळले तर औषध बदलण्याचा विचार डॉक्टरांना करता येतो. काकांच्या वेळी अशी परीक्षा कोणी केली नाही. कोणी करीतच नसे.

ते पुढे तीस वर्षे जगले. रोज संध्याकाळी राजवाड्यासमोर जाऊन कबुतरांना ओंजळभर जवारी टाकीत. त्यांना घुमणे ऐकू येत नसे, पंखांची फडफड ऐकू येत नसे. फटाके वाजल्याचे त्यांना थवा उडाल्यावरून समजे, आणि मग ते वर सज्ज्यांकडे पाहत उभे राहत, पाखरे पुन्हा खाली येईपर्यंत.